वाचकांचे प्रश्न : यादीतला सर्वांत मोठा आकडा

या वेळची बरीचशी पत्रं नाशिक आणि आसपासची आहेत आणि सगळी एकाच विषयाभोवती फिरतात : आकड्यांच्या यादीतून कमाल आकडा कोडने कसा शोधायचा. काम चार ओळींचं, पण त्यात घोळ किती प्रकारे होऊ शकतो हे पत्रांवरून दिसेलच. कोड मराठी शब्दांत मांडला आहे. तो सी, जावा, पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये उतरवताना फक्त लिहिण्याची पद्धत बदलेल.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. दहा आकड्यांतला मोठा शोधायचा प्रोग्राम सीमध्ये लिहिला. धन आकड्यांना उत्तर बरोबर येतं, पण सगळे ऋण आकडे दिले की ० येतं. मैत्रीण म्हणते सुरुवातीला इंट_मिन (इंटमध्ये मावणारा सर्वांत लहान आकडा) टाक, लॅबमधल्या मॅडम म्हणतात यादीतला पहिलाच आकडा घे. कोणाचं ऐकू? शिवाय हेच काम वेगळ्या फंक्शनमध्ये नेलं की पहिल्या दोन आकड्यांतलाच मोठा मिळतो.
— विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : मॅडमचं ऐका. तुमच्या प्रोग्राममध्ये "मोठा = ०" अशी सुरुवात आहे. यादी −७, −३, −१२ असेल तर −७ शून्यापेक्षा मोठा नाही, −३ नाही, −१२ नाही. "जर" एकदाही खरा ठरत नाही आणि यादीत नसलेलं शून्य उत्तर म्हणून बाहेर पडतं. ही अडचण फक्त वहीतली समजू नका. द्राक्षांच्या शीतगृहात तापमान शून्य ते उणे अर्धा अंश या पट्ट्यात ठेवतात. तिथे रोजचं कमाल तापमान अशा कोडने काढलं तर ते कधीही शून्याच्या खाली दिसणार नाही.

बरोबर मांडणी अशी (मोजणी शून्यापासून, म्हणून यादी[०] हा पहिला आकडा; न म्हणजे यादीत एकूण किती आकडे) :

मोठा = यादी[०]
क्र १ पासून न−१ पर्यंत :
  जर यादी[क्र] > मोठा, तर मोठा = यादी[क्र]

याच तीन आकड्यांवर चालवून बघा. मोठा = −७. मग −३ > −७ खरं, म्हणून मोठा = −३. मग −१२ > −३ खोटं. उत्तर −३. तुलना दोन झाल्या, म्हणजे न−१. यापेक्षा कमी तुलनांत काम होत नाही, कारण कमाल सोडून प्रत्येक आकडा कोणाकडून तरी एकदा हरल्याशिवाय तो कमाल नाही हे ठरवता येत नाही.

मैत्रिणीचं इंट_मिन चुकीचं नाही. आजच्या नेहमीच्या संगणकांवर ते −२,१४,७४,८३,६४८ असतं आणि त्याहून लहान पूर्णांक त्या खोक्यात मावतच नाही. पण दोन ठिकाणी ते दगा देतं. पहिलं, यादी रिकामी असेल तर हाच अवाढव्य ऋण आकडा उत्तर म्हणून छापला जातो. दुसरं, हीच सवय दशांश संख्यांना लावली जाते. जावामधलं डबल.मिन_व्हॅल्यू हे नाव फसवं आहे. ती सर्वांत लहान *धन* संख्या आहे, दशांश चिन्हापुढे ३२३ शून्यं आणि मग ४९. सीमधलं डीबीएल_मिन त्याच जातीचं, तेही धनच. तिथून सुरुवात केली तर ऋण आकड्यांची यादी पुन्हा तुमच्या शून्याच्याच घोळात. दशांशांसाठी ऋण अनंत घ्या, सीमध्ये उणे डीबीएल_मॅक्स घ्या, नाहीतर सरळ पहिला आकडा.

पहिला आकडा घेताना एक अट पाळायची : आधी न > ० आहे का ते तपासा. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल मुद्दाम ० टाइप करून बघतात. तेव्हा यादी[०] मध्ये जे काही पडलेलं असेल ते छापलं जातं, आणि तोंडी परीक्षेला तिथूनच सुरुवात होते.

आता फंक्शनचं. तुम्ही बहुधा फंक्शनच्या आत साइझऑफ(यादी) भागिले साइझऑफ(यादी[०]), म्हणजे यादीचे बाइट भागिले एका आकड्याचे बाइट, असं लिहून आकड्यांची संख्या काढता. सीमध्ये अ‍ॅरे फंक्शनला दिला की आत पोचतो तो फक्त पत्ता. ६४-बिट यंत्रावर पत्ता ८ बाइटचा, इंट ४ बाइटचा, भागाकार २. म्हणून लूप दोनच आकडे बघतो. (लॅबमध्ये अजून टर्बो सी असेल तर नेहमीच्या स्मॉल मॉडेलमध्ये हाच भागाकार १ येईल, म्हणजे पहिलाच आकडा "कमाल"!) उपाय एकच : न हा वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवा.

जाता जाता, एकाच लूपमध्ये कमाल आणि किमान दोन्ही शोधत असाल तर "नाहीतर जर" जपून वापरा. सुरुवात कमालासाठी इंट_मिनने आणि किमानासाठी इंट_मॅक्सने (सर्वांत मोठ्या पूर्णांकाने) केली आणि यादी १, २, ३, ४ अशी चढती आली, तर दर वेळी पहिलीच अट खरी ठरते, किमानाच्या अटीपर्यंत गाडी पोचतच नाही, आणि किमान म्हणून इंट_मॅक्स छापलं जातं. दोन स्वतंत्र "जर" लिहा.

प्रश्न : कांदा लिलावाचे रोजचे दर मी फाइलमध्ये ठेवतो. पायथनच्या मॅक्सने कमाल दर काढला तर ९८५ येतो. प्रत्यक्षात त्याच यादीत २४१० आहे. एक्सेलमध्ये तोच कॉलम निवडून मॅक्स लावला तर चक्क ०. यादी बरोबर आहे, मी डोळ्यांनी तपासली.
— वाचक, लासलगाव

उत्तर : डोळ्यांना ते आकडे दिसतात, संगणकाच्या लेखी ती अक्षरं आहेत. फाइलमधून वाचलेली प्रत्येक गोष्ट पायथनला मजकूर म्हणून मिळते. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी डावीकडून एकेक अक्षर घेऊन होते. ९८५ आणि २४१० मध्ये पहिलं अक्षर ९ आणि २. नऊ मोठा, विषय संपला, पुढचे अंक कोणी बघत नाही. म्हणून गोल्टीचा (लहान कांद्याचा) ९८५ चांगल्या मालाच्या २४१० वर भारी पडला.

एक्सेलचा मॅक्स वेगळ्या वाटेने चुकतो. निवडलेल्या खान्यांतला मजकूर तो सोडून देतो. सगळाच कॉलम मजकूर असेल तर उरतं काहीच नाही, आणि उत्तर ०. हे तरी बरं, शून्य बघून माणूस सावध होतो. अर्धे खाने आकडे आणि अर्धे मजकूर असतील तर फक्त आकड्यांतला कमाल मिळतो. तो दर खरा वाटेल असाच असतो, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने दडून राहते. ओळखण्याची खूण : मजकूर खान्याच्या डाव्या कडेला चिकटतो, आकडा उजव्या, आणि बऱ्याचदा कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो. कॉलम निवडून डेटा मेनूतलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काही न बदलता फिनिश दाबा. बहुतेक खाने आकडे होतात.

पायथनमध्ये मॅक्सच्या आधी प्रत्येक नोंद इंट किंवा फ्लोटमधून काढा. इथे तीन गोष्टी अडवतील. पहिली, स्वल्पविराम. २,४१० ला इंट नाकारतो, म्हणून आधी स्वल्पविराम काढून टाका. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे करणारी) असेल आणि दर अवतरण चिन्हांत नसेल तर त्याहून वाईट : २ एका कॉलमात, ४१० पुढच्या कॉलमात, आणि त्या ओळीतलं पुढचं सगळं एक घर सरकतं. दुसरी, "रु." किंवा "/-" असलेल्या नोंदी. पुढेमागे रिकामी जागा असेल तर ती इंट स्वतःच खपवून घेतो, पण अक्षरं नाही.

तिसरी गोष्ट आपल्याकडचीच. काही नोंदी मराठी अंकांत आणि काही इंग्रजी अंकांत असतील तर मजकूर म्हणून तुलना करताना मराठी अंक कायम जिंकतो. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांची जागा इंग्रजी अंकांच्या बरीच पुढे आहे, त्यामुळे मराठीतलं १ हे इंग्रजीतल्या ९ पेक्षा "मोठं". पायथनचा इंट मराठी अंक बिनतक्रार वाचतो, त्याला दिलेलं १२४० बाराशे चाळीसच होतं. जावास्क्रिप्टचा नंबर मात्र त्यालाच "नॅन", म्हणजे संख्या नाही, असं म्हणतो, आणि सीमधला एटॉय गुपचूप ० देतो. तेव्हा हीच फाइल उद्या दुसऱ्या भाषेत वाचायची असेल तर अंक आधीच एका लिपीत आणून ठेवा.

डेटाबेसमध्ये दराचा कॉलम व्हारचार, म्हणजे मजकूर, ठेवला असेल तर तिथला मॅक्सही असाच ९८५ देईल. कॉलमचा प्रकार बदला, निदान क्वेरीत दर कास्ट करा, म्हणजे आकड्यात बदलून घ्या. आणि "कमाल दर कोणत्या तारखेचा?" हवं असेल तर तारीख आणि मॅक्स(दर) एकाच ओळीत मागू नका. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या तारीख भलत्याच ओळीची उचलून देत, ५.७ पासूनच्या नेहमीच्या मांडणीत ती क्वेरी चूक म्हणून परत येते. दराने उतरत्या क्रमात लावून पहिली ओळ घ्या. तोच दर दोन दिवशी मिळाला असेल आणि दोन्ही तारखा हव्या असतील तर आधी कमाल काढून "दर = तो कमाल" अशा सगळ्या ओळी मागा.

एवढं सगळं दुरुस्त झाल्यावरही, कमाल काढण्याआधी वरचे पाच दर छापून बघत जा. घाईत एक शून्य जास्त पडून २४१० चं २४१०० झालं तर सरासरी जराशी हलते, कमाल मात्र थेट तीच चूक दाखवतो. आणि लाल आणि उन्हाळ कांद्याचे दर एकाच यादीत टाकत असाल तर दोघांचा कमाल वेगळा काढा.

प्रश्न : मुलाखतीत कमाल आकडा विचारला. मी यादी सॉर्ट करून (चढत्या क्रमाने लावून) शेवटचा घेतला. समोरच्यांनी नाक मुरडलं आणि मग दुसरा मोठा आकडा विचारला, तिथे गडबडलो. सॉर्ट करणं इतकं वाईट आहे का?
— वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : वाईट नाही, उधळं आहे. एक लाख आकड्यांना एका फेरीत ९९,९९९ तुलना लागतात. सॉर्टला सुमारे पंधरा-सोळा लाख, आणि वर मूळ यादीचा क्रमही बदलू शकतो. शंभर आकडे असतील तर कोणाला फरक कळणारही नाही. मुलाखतीत मात्र तुम्हाला तो माहीत आहे का, हेच बघतात.

दुसऱ्या मोठ्यासाठी वरचा "पहिला आकडा घ्या" हा नियम तसाच उचलू नका. पहिला आणि दुसरा दोन्ही यादी[०] ने सुरू केले आणि यादी ५०, ४०, ३० अशी उतरती असली, तर ४० हा ५० पेक्षा मोठा नसल्याने दुसऱ्याच्या जागी कधीच बसत नाही आणि उत्तर ५० राहतं. सुरुवातीला यादी[०] आणि यादी[१] यांची तुलना करून मोठा "पहिला" आणि लहान "दुसरा" ठरवा. मग तिसऱ्यापासून :

जर आकडा > पहिला : दुसरा = पहिला, मग पहिला = आकडा
नाहीतर जर आकडा > दुसरा : दुसरा = आकडा

पहिल्या ओळीतला क्रम उलटला की दोघांतही नवा आकडा बसतो. आणि कोड लिहिण्याआधी समोरच्यांना विचारा : ४०, ४०, ३५ मध्ये दुसरा मोठा ४० की ३५? वरचा कोड ४० देतो. ३५ हवा असेल तर पहिल्याएवढे आकडे वगळावे लागतील, आणि मग सगळे आकडे सारखे असताना दुसरा मोठा अस्तित्वातच नसतो, तेही हाताळावं लागेल.

आणखी खोलात गेले तर कुस्तीच्या मैदानासारख्या जोड्या लावा. १०२४ आकड्यांत १०२३ लढतींत विजेता ठरतो. दुसरा क्रमांक फक्त विजेत्याशी हरलेल्या १० जणांतलाच असणार, त्यांच्यात आणखी ९ लढती. एकूण १०३२. साध्या फेरीला वाईटात वाईट स्थितीत याच्या जवळपास दुप्पट तुलना लागतात.

प्रश्न : द्राक्षबागेत आर्डुइनो उनो (छोटं कंट्रोलर बोर्ड) आणि डीएस१८बी२० तापमान सेन्सर लावून दिवसाचं कमाल-किमान तापमान घेतो. अधूनमधून कमाल ८५ आणि किमान −१२७ दिसतं. शेजाऱ्याकडे डीएचटी२२ आहे, त्याचा कमाल कधी कधी दिवसभर "नॅन" असतो. सेन्सर खराब आहेत का?
— द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : बहुधा सेन्सर शाबूत आहेत. हे दोन्ही आकडे निरोप आहेत, तापमान नव्हे. वीज मिळाल्यावर डीएस१८बी२० च्या नोंदवहीत ८५ अंश भरलेले असतात. पहिलं मोजमाप पूर्ण होण्याआधी वाचलं, किंवा मध्येच वीज डगमगली, की तेच ८५ हाती येतात. १२ बिटांवर एका मोजमापाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, तेवढं थांबून मग वाचा. −१२७ हा आकडा लायब्ररी (सेन्सर वाचण्याचा तयार कोड) देते, सेन्सरशी बोलणंच झालं नाही तेव्हा. सैल वायर, गंजलेला जोड, नाहीतर डेटा आणि पॉझिटिव्हच्या मधला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर राहून गेला. बागेत फवारणीच्या पाण्याने जोड गंजतात, आधी तिथे बघा.

दिवसात हजारो वाचनं बरोबर असली तरी एकच ८५ कमालाला पुरतं. म्हणून तुलनेच्या आधी गाळणी लावा : −१० पेक्षा कमी किंवा ५५ पेक्षा जास्त असेल तर ते वाचन सोडून द्या. सेन्सरची स्वतःची मर्यादा −५५ ते १२५ आहे, ती गाळणी म्हणून वापरू नका, ८५ तिच्यात आरामात बसतं. निफाड पट्ट्यात थंडीत शेकोट्या पेटवायच्या की नाही हे किमान आकड्यावर ठरतं, तिथे −१२७ ने सगळा अलार्मच निकामी होतो.

शेजाऱ्यांचं दुखणं वेगळं. डीएचटी२२ चं वाचन फसलं की लायब्ररी नॅन देते. नॅनशी केलेली "पेक्षा मोठा" किंवा "पेक्षा लहान" ही तुलना नेहमी खोटी ठरते. मधलं एखादं वाचन नॅन असेल तर ते आपोआप गळतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण मध्यरात्री नव्या दिवसाचं *पहिलंच* वाचन नॅन आलं आणि "मोठा = पहिलं वाचन" केलं, तर पुढचं प्रत्येक तापमान नॅनपेक्षा मोठं नाही असंच उत्तर येतं, आणि नॅन दिवसभर गादीवर बसून राहतो. पायथनच्या मॅक्सचंही तेच : नॅन पहिला असेल तर उत्तर नॅन, मध्ये असेल तर नाही. सुरुवात पहिल्या *चांगल्या* वाचनाने करा. "मिळालं का" असा एक खरा-खोटा व्हेरिएबल ठेवला की पुरतं, मध्यरात्री तो खोटा करायचा.

वीज गेली की कमाल पुसला जातो म्हणून तो ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) लिहीत असाल तर हिशेब करा. उनोच्या ईईप्रॉमचं एक घर सुमारे एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. दर दहा सेकंदांनी लिहिलं तर दिवसाला ८,६४०, म्हणजे बारा दिवसांतच हमी संपते. फक्त कमाल बदलल्यावर लिहिलं तरी निश्चिंत होऊ नका. सकाळी १० अंशांवरून दुपारी ३० पर्यंत पारा चढताना ०.०६२५ च्या पायऱ्यांनी कमाल ३२० वेळा बदलू शकतो, म्हणजे वर्षही निघत नाही. तासाला एकदा लिहा.

प्रश्न : गंगापूर धरणाच्या विसर्गाचे तासातासाचे आकडे जमवतो. दर तासाला "गेल्या २४ तासांतला कमाल" दाखवायचा आहे. मी एकच कमाल जपतो, पण तो २४ तासांच्या बाहेर गेला की पुढचा कमाल कुठून आणायचा?
— वाचक, पंचवटी

उत्तर : एकच आकडा जपून हे होत नाही, कारण दुसऱ्या क्रमांकाची माहिती तुम्ही फेकून दिलेली असते. सगळ्यांत सोपं म्हणजे दर तासाला शेवटचे २४ आकडे पुन्हा चाळा. वर्षाचे ८,७६० तास, प्रत्येकी २४, म्हणजे सुमारे २ लाख १० हजार पाहण्या. मोबाइलसुद्धा हे क्षणात करतो. तुमच्या कामाला एवढंच पुरे.

सेकंदाचे आकडे असतील, म्हणजे २४ तासांत ८६,४००, तर मात्र दुतोंडी रांग वापरा. (गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीशी संबंध नाही, पुराची पातळी नाशिककर त्याच्यावरूनच सांगत असले तरी.) नवा आकडा आला की रांगेच्या मागच्या टोकाकडून त्याच्याएवढे किंवा त्याहून लहान आकडे काढून टाका. ते आता कधीच कमाल होणार नाहीत, कारण नवा त्यांच्याहून लहान नाही आणि त्यांच्यानंतर बाहेर जाणार आहे. मग नवा मागे उभा करा. पुढच्या टोकाचा आकडा मुदतीबाहेर गेला असेल तर तो काढा. आता पुढे उभा आहे तोच कमाल.

खिडकी तीनची धरून ५००, ११००, ८००, ६००, ३०० क्युसेकवर बघा. ११०० आल्यावर ५०० गेला. ८०० आणि ६०० मागे उभे राहिले, कमाल ११००. ३०० आला तेव्हा ११०० मुदतीबाहेर गेला आणि ८०० आपोआप पुढे आला. प्रत्येक आकडा रांगेत एकदाच शिरतो आणि जास्तीत जास्त एकदाच बाहेर पडतो, म्हणून खिडकी कितीही मोठी असली तरी काम यादीच्या लांबीइतकंच. रांगेत आकड्याबरोबर त्याची वेळही ठेवा आणि मुदत वेळेवरून ठरवा, नगांवरून नको. पावसाळ्यात नेमके दोन-चार तासांचे आकडे गायब असतात, तेव्हा नग मोजून काढलेले "२४ तास" प्रत्यक्षात २८ झालेले असतात.

प्रश्न : जावास्क्रिप्टमध्ये मॅथ.मॅक्सला तीन टिंबं देऊन अ‍ॅरे पसरतो. छोट्या यादीवर चालतं, मोठ्यावर "मॅक्झिमम कॉल स्टॅक" अशी चूक येते.
— वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : तीन टिंबांनी प्रत्येक आकडा वेगळा आर्ग्युमेंट होतो आणि ते सगळे स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या मर्यादित कामचलाऊ स्मृतीत, चढतात. मर्यादा ब्राउझरप्रमाणे बदलते, आकडे लाखाच्या घरात गेले की धोका धरून चाला. साधा लूप लिहा. रिड्यूस (यादी एकेक करून एका उत्तरात मिळवणारं फंक्शन) वापरायचा असेल तर त्यात मॅथ.मॅक्स नुसतं देऊ नका : रिड्यूस क्रमांक आणि अख्खा अ‍ॅरेही सोबत पाठवतो आणि उत्तर नॅन येतं. दोनच नावं घेणारं छोटं फंक्शन द्या. रिकाम्या यादीला मॅथ.मॅक्स ऋण अनंत देतो आणि नल (रिकामी नोंद) ला ० धरतो, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : पायथनमध्ये कालपर्यंत चालणारा मॅक्स आज "इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल" म्हणतो.
— वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : वर कुठेतरी तुम्ही व्हेरिएबललाच मॅक्स नाव दिलं आहे, "मॅक्स = ०" असं. मूळ फंक्शन त्या नावाखाली झाकलं गेलं. नाव बदलून "मोठा" करा. नोटबुकमध्ये काम करत असाल तर ओळ खोडून भागणार नाही, जुनं नाव स्मृतीत राहतं. डेल मॅक्स चालवा किंवा कर्नल रीस्टार्ट करा. रिकाम्या यादीची शक्यता असेल तर पायथन ३.४ पासून मॅक्सला डिफॉल्ट देता येतो, तो दिला नाही तर व्हॅल्यूएरर येतो.